आखाड्यावरची हवा

मु. उंबरदरा, ता. शिरूर अनंतपाळ, जि. लातूर
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय साहेबराव,
सप्रेम नमस्कार.

पाकीट पाहून तुला वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलं नाही, फक्त माझे कान गेले. डाव्या कानात मशीन घातलं आहे आणि फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं. मागच्या वेळी तू फोनवर काय बोललास ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आपला सगळ्याला 'हाव, हाव' म्हणत होतो. त्यात काही कबूल करून बसलो असेन तर सोडून दे. यापुढे पत्रच. नांदेडला आपण एका खोलीत राहून आर्ट टीचर डिप्लोमा केला तेव्हा अक्षरलेखनात तू पहिला आला होतास आणि मी पास झालो होतो, हे या पत्रावरून कोणालाही कळेल. पुढे तू चित्रकलेचा मास्तर झालास आणि मी सोयाबीन पेरायला लागलो. सोयाबीनचं नशीब.

तर मुद्दा असा. आमची उज्वला बडोद्याहून शिल्पकला शिकून परत आली आहे आणि तिने गावात 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' काढली आहे. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, कलाकार येतात, महिनाभर राहतात, काम करतात आणि जातात. मी म्हणालो, हे तर विहीर खोदणारेही करतात. ती हसली नाही. छापील पत्रकात तिने 'डोंगरावरचं गाव' असं लिहिलं आहे. पहिली पाहुणी पुण्याची तनुजा, फोटो काढणारी. जीपमधून उतरली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, काका, डोंगर कुठे आहे? मी म्हणालो, तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात. बालाघाटचा डोंगर आमच्या गावापर्यंत येतो तेव्हा दमलेला असतो, त्याला मी काय करू.

पाहुण्यांना उतरवायचं कुठे, हा जिम्मा माझ्याकडे आहे. चित्रकार म्हणून मला कोणी विचारत नाही, निदान इंतजाम तरी जमतो का बघू म्हणून मी हो म्हणालो. ग्रामपंचायतीची जुनी खोली मिळाली आहे. तिथे जनगणनेचे कागद होते, ते उंदरांनी आधीच तपासून ठेवले होते. बसवंतच्या माळवदावरची खोली हवेशीर आहे, पण जिन्याला कठडा नाही, म्हणून ती तरुण कलाकारांसाठी.

तुझ्यासाठी मात्र सगळ्यात भारी जागा राखून ठेवली आहे. कारण उज्वलाच्या यादीत पहिलं नाव तुझं आहे. माझ्या लग्नात तू आमच्या घराच्या पुढच्या भिंतीवर माझं आणि सिंधुचं नाव रंगवलं होतंस, वर तोरण, मध्ये कलश, आणि खाली कोपऱ्यात बारीक 'साहेबराव, बिलोली'. ती भिंत तिने आजवर कोणाला पुसू दिली नाही. शाळेत जायच्या आधी 'क' आणि 'स' तिने त्या भिंतीवर बोट फिरवून गिरवले होते. जानेवारीत महिनाभर या, भिंत पुन्हा रंगवा किंवा काहीच रंगवू नका, नुसते राहा, असं तिचं म्हणणं आहे.

जागा म्हणजे आपला शेतातला आखाडा, जिथे गुरं आणि गडी राहायचे. गुरांचा कोठा आता रिकामाच असतो. शेजारच्या खोलीला मी गिलावा करून घेतला आहे. माझ्या लग्नातही तू तिथेच उतरला होतास. घरात पाहुण्यांची झुंबड होती. दुसऱ्या दिवशी मी येऊन विचारलं तेव्हा तू म्हणालास, हवा छान आहे. ते माझ्या पक्कं लक्षात आहे.

तुझा,
किशन


बिलोली, जि. नांदेड
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय किशन,
सप्रेम जय भीम.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात डोंगर आहे, ही बातमी तीस वर्षं शाळांच्या भिंतींवर नकाशे रंगवूनही मला मिळाली नव्हती. आता मराठवाड्याचे सगळे नकाशे दुरुस्त करत फिरावं लागणार.

तुझं पत्र आधी आईच्या हाती पडलं. शहाऐंशी वर्षांची आहे, वाचता येत नाही, पण पाकिटावरच्या वाकड्या अक्षरावरून तिने तुला ओळखलं. म्हणाली, "किसनाचं हाय की. जेवाया कवा येतो म्हनतो?" मी म्हणालो, तोच मला बोलावून राहिलाय. त्यावर म्हणे, "तू जा न्हाईतर नको जाऊ. म्या तेचं इचारलं." नांदेडला ती दर शनिवारी एसटीच्या कंडक्टरच्या हाती भाकरी आणि ठेच्याचा डबा पाठवायची. त्यातला मोठा वाटा कोणाच्या पोटात जायचा, हे ती विसरलेली नाही.

माझं म्हणशील तर निवृत्तीनंतर मी बऱ्यापैकी नाव कमावलं आहे, पण ते गेलेल्या माणसांच्या जिवावर. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोकांना मोठं चित्र हवं असतं आणि घरात असतो तो आधार कार्डावरचा फोटो. त्यावरून मी माणूस उभा करतो. माझ्या हातून सगळेच देखणे होतात. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याला मी इतका तरतरीत काढला, की त्याच्या बायकोने विचारलं, हे कोण? तेव्हा उज्वलाला सांग, तुझी निवड चुकली आहे. या चित्रकारापुढे बसणारा आधी मेलेला लागतो.

भिंतीचं वाचून मात्र बरं वाटलं, ते लपवत नाही. दोनदा वाचलं. लुंबिनी, माझी मुलगी, इथेच तलाठी आहे. ती कामावरून आल्यावर तिलाही वाचून दाखवलं.

जानेवारीचं कळवतो. आखाड्याचं म्हणशील तर माझे गुडघे आडवे येतात. उकिडवं बसणं बंद झालं आहे आणि शेतात सोय कशी असते ते तुला माहीत आहे.

तुझा,
साहेबराव


उंबरदरा
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय साहेबराव,

गुडघ्यांची काळजी मिटली. आखाड्यावर कमोड बसवला आहे.

ही गोष्ट एका ओळीत संपणारी नाही. उदगीरहून टेम्पोने कमोड आला आणि शेताच्या वाटेवर चिखल होता, म्हणून टेम्पोवाल्याने तो मारुतीच्या पारावर उतरवून ठेवला आणि निघून गेला. दोन दिवस तो तिथे पांढराशुभ्र बसून होता. लोक पाहायला येत होते. गुरुबसप्पा वाण्याने त्याला उज्वलाचं शिल्प समजून चारही बाजूंनी पाहिलं आणि चांगलं झालंय म्हणाला. उज्वलाने दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद ठेवलं. गावात आता माझं नाव त्यावरूनच पडलं आहे, ते मी इथे लिहीत नाही.

बसवला तेव्हा आधी तोंड भिंतीकडे झालं होतं. उपटून पुन्हा बसवला. मी स्वतः बसून पाहिला. समोरच्या झरोक्यातून दरी दिसते. दरी म्हणजे आमच्या मानाने.

सिंधु विचारत होती, साहेबराव भावजी नक्की येणार का. मी म्हणालो, आता न यायला कारणच काय उरलं?

तुझा,
किशन


बिलोली
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय किशन,

माझ्या गुडघ्यांसाठी इतकं याआधी कोणी केलं नव्हतं. लुंबिनीला कमोडची गोष्ट वाचून दाखवताना मलाच हसू आवरेना आणि चहा सांडला. तू सोयाबीन पेरलंस हे चुकलंच. तू लिहायला हवं होतंस.

पण खरं सांगू का, मन होत नाही. शेतात डास फार असतात. शिवाय सुलोचना गेल्यापासून मला एकट्याने जेवणं जिवावर येतं. इथे आई समोर बसते, लुंबिनी असते, ताटाशी कोणीतरी बोलणारं असतं. तुमच्याकडे महिनाभर आखाड्यावर बसून जेवायचं म्हणजे अवघड आहे. या वयात माणूस हट्टी होतो असं समज आणि उज्वलाला दुसरा चित्रकार शोधायला सांग. बिदरचा अमरेश चांगला आहे आणि जिवंत माणसंही काढतो.

तुझा,
साहेबराव


उंबरदरा
८ डिसेंबर २०२४

प्रिय साहेबराव,

अमरेश-बिमरेश काही नको. डासांसाठी खिडक्यांना जाळी मारून घेतली. एकटेपणासाठी मी बराच विचार केला. रेडिओ ठेवला आहे, परभणी स्टेशन स्वच्छ लागतं. आणि जेवणाची तर अजिबात तकलीफ नको घेऊ. मोठी हॉटकेस आणली आहे. घरून आखाड्यावर डबा येईपर्यंत भाकरी गरम राहते की नाही, हे मी तीन दिवस रोज स्वतः आखाड्यावर बसून पाहिलं. राहते. एकट्याने जेवताना जरा उदास वाटतं हे खरं, पण रेडिओ लावला की चालतं.

आता तुझ्या मनात आणखी काय कमी आहे ते एकदाच सांग. सोबत उज्वलाचा फॉर्म पाठवतो. प्रत्येक पाहुणा मुक्काम झाल्यावर तो भरून देतो: जागा कशी होती, जेवण, पाणी, त्रुटी, सूचना. तनुजाने भरला त्यात 'डोंगर दिसला नाही' असं लिहिलं आहे आणि उज्वलाने तोही जपून ठेवला. तू तो आधीच भरून पाठव. जे खुपतंय ते बेधडक लिही, म्हणजे मी तू यायच्या आत दुरुस्त करतो. तू आला नाहीस तर त्या पोरीपुढे माझी काय इज्जत राहील? तिला वाटतं, तिचा बाप आणि तू म्हणजे एका ताटात जेवलेली माणसं. आहोतच की आपण.

तुझा,
किशन


बिलोली
२० डिसेंबर २०२४

प्रिय किशन,
सप्रेम जय भीम.

फॉर्म भरून पाठवतो. सरकारी नोकरीत एक खोड लागते. फॉर्म समोर आला की हात खरं लिहितो. तू मुक्काम झाल्यावरचा फॉर्म पाठवलास, म्हणून झालेला मुक्काम लिहिला.

पाहुण्याचे नाव: साहेबराव, तेव्हा वय तेवीस.
मुक्कामाचा कालावधी: १२ ते १६ मे १९८५.
येण्याचे कारण: मित्राचं लग्न. पहिले तीन दिवस शिडीवर उभं राहून त्याच्या घराची भिंत रंगवली.
उतरण्याची जागा: आखाडा.
सोबत कोण: दोन बैल आणि एक गाभण म्हैस. म्हैस स्वभावाने चांगली होती.
जेवण: घरून आणून, पत्रावळीवर. लग्नाच्या दिवशी गावात पंगती बसल्या होत्या, वाढप्यांचे आवाज आखाड्यापर्यंत येत होते. माझ्या पत्रावळीवरही बुंदी होती, खोटं कशाला बोलू.
पिण्याचे पाणी: तुमच्या गड्याने वरून ओतलं, मी ओंजळीने प्यायलो.
जेवणानंतरची स्वच्छता: पत्रावळ मी उचलली.
यजमानांची भेट: दुसऱ्या दिवशी सकाळी. हवा कशी आहे विचारलं.
त्रुटी: घराची पुढची भिंत मला पाठ आहे. तिची आतली बाजू पाहिलेली नाही.
सूचना: जाळी आणि कमोड बसवला हे उत्तम.

किशन, यात माझंही हसं आहेच. हवा छान आहे, असं मीच म्हणालो होतो. तुझं लग्न होतं, तुझा चेहरा हळदीने पिवळा होता, तुला कशाला वाईट वाटू द्यायचं असं मनात आलं. त्यानंतर ते वाक्य मला सवयीचं झालं. मास्तरकीच्या पहिल्या गावी खोली मिळेना, शेवटी गावाबाहेर मिळाली, तेव्हा मी हेडमास्तरांना सांगितलं, मला मोकळं आवडतं. अक्षरलेखनात पहिला आलो, पण खरी प्रॅक्टिस माझी खोटं बोलण्याची झाली.

गुडघे दुखतात हे मात्र खरं.

साहेबराव


उंबरदरा
२७ जानेवारी २०२५

प्रिय साहेबराव,

महिना उलटून गेला. तुला वाटलं असेल, पत्रातूनही माझे कान गेले. तसं नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात लिहिलं होतं, वडील कडक होते, माझं काय चालणार. दुसऱ्यात लिहिलं होतं, काळच तसा होता. तिसऱ्यात पुन्हा पाहुण्यांची झुंबड आली. ते तिसरं मी सिंधुला वाचून दाखवलं. ती तूर निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मामंजी जाऊन बावीस वर्सं झाली. तवापून भावजीला घरात जेवाया कवा बोलिवलं तुमी?" मी म्हणालो, तो शिरूरपर्यंत यायचा, आम्ही हॉटेलात भेटायचो. तर म्हणाली, "आन तुमी बिलोलीला किती बारी जेवलाव?"

याचं उत्तर मला येत होतं, म्हणून मी बैलांकडे बघायला निघालो. मग आठवलं, बैल विकून सहा वर्षं झाली.

आता ते उत्तर तुला लिहितो, कारण तुझ्या फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता. सुलोचना वहिनींच्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. मंडपात बसलो. ताटं यायला लागली तेव्हा मी उठलो आणि साडेचारची गाडी आहे म्हणालो. साहेबराव, साडेचारची गाडी नव्हती. मी सहापर्यंत बिलोलीच्या स्टँडवर बसलो आणि भूक लागली म्हणून भजी खाल्ली. तिथे आमच्या गावातलं कोणी नव्हतं, वडील नव्हते, कोणाला काही कळणार नव्हतं. नांदेडला दोन वर्षं मावशींच्या डब्यातली भाकरी मी तुझ्या हातातून ओढून खाल्ली आणि त्या दिवशी मला ती घशाखाली जाईल असं वाटलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटते, एवढंच येतं.

तू गुडघे म्हणालास, मी कमोड बसवला. डास म्हणालास, जाळी मारली. एकट्याने जेवणं जिवावर येतं असं तू स्पष्ट लिहिलंस, त्यावर मी हॉटकेस आणली. तीन दिवस त्या हॉटकेससमोर बसून एकटा जेवलो आणि तरी डोक्यात उजेड पडला नाही. पत्र वाचायला कान लागत नाहीत, तेव्हा तेही निमित्त गेलं.

फॉर्म उज्वलाने वाचला. तिने विचारलं, बाबा, ज्यांनी ही भिंत रंगवली त्यांना आत घेतलं नव्हतं? माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, घरात गर्दी होती. ती उठून गेली. ती प्रत्येक पाहुण्याला त्या भिंतीसमोर उभं करून फोटो काढायची. त्या दिवसापासून ते बंद आहे.

जानेवारी तर गेलाच. आखाड्यावर सध्या तनुजा पुन्हा येऊन राहिली आहे, कमोडवर खूश आहे. तू ये. मधली खोली तुझी, स्वयंपाकघराला लागून आहे. ताट आमच्यासोबत. हे लिहितानाही मला वाटून राहिलं आहे की मी फार मोठं काही देतोय, आणि त्याचीच लाज वाटते.

किशन


बिलोली
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय किशन,
सप्रेम जय भीम.

पत्र वाचलं. बैल विकल्याचं वाचून हसलो. भजीचं वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्या दिवशी आईने तुझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. म्हणाली होती, किसनाला वांगं आवडतं. संध्याकाळी ते ताट मी खाल्लं. ज्या दिवशी बायकोचं चित्र भिंतीवर लावलं, त्या दिवशी मी तुझ्या वाटचं वांगं खात होतो. हा राग तुझ्या मधल्या खोलीने जाणार नाही. मी तिथे येईन, तुम्ही सगळे माझ्याभोवती जपून वागाल, सिंधुताई दोनदा आग्रह करतील, आणि तू माझ्या तोंडाकडे बघत बसशील. त्यापेक्षा म्हैस बरी होती, ती माझ्याकडे बघत नव्हती.

तेव्हा आधी तू ये. माझ्याकडेही रेसिडेन्सी आहे. पत्रक छापलेलं नाही, डोंगर नाही, पण तुझ्याकडेही तो नाहीच. उतरायला तीन जागा आहेत. पुढच्या खोलीत कोच आहे, त्याची एक स्प्रिंग वर आली आहे आणि भिंतीला सध्या पाच गेलेली माणसं वाळत लावली आहेत. ती रात्रभर बघतात, पण देखणी आहेत. मधल्या खोलीत माझी बाज आहे, शेजारी दुसरी टाकता येईल, पण मी घोरतो. तुला कान नाहीत, त्यामुळे ही जागा तुझ्यासाठीच आहे असं लुंबिनी म्हणते. तिसरी जागा आईच्या खोलीत. तिथे झोप लागत नाही, कारण ती बोलते.

दोन दिवस राहायचं. सगळी जेवणं घरात. साडेचारची गाडी बिलोलीहून सुटत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

आई म्हणाली, लवकर ये म्हणावं. मी म्हटलं नाही, तिने म्हटलं. तिला अलीकडे उठताना धाप लागते.

साहेबराव


उंबरदरा
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय साहेबराव,
सप्रेम जय भीम.

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. देगलूरला गाडी बदलताना मशीन कानातून पडलं. शोधून देणाऱ्या बाईचे आभार मानले, तिने काय उत्तर दिलं ते कळलं नाही. उज्वलाने दारातच फॉर्म हातात दिला. म्हणाली, बाबा, नियम सगळ्यांना सारखा.

पाहुण्याचे नाव: किशनराव, वय त्रेसष्ट.
मुक्कामाचा कालावधी: १७ ते १९ फेब्रुवारी २०२५. यायला हवं होतं १९८५ मध्ये.
येण्याचे कारण: जेवायला.
उतरण्याची जागा: मधली खोली. यजमान घोरतात हे बाजेच्या हादऱ्यावरून कळलं.
सोबत कोण: यजमान, त्यांच्या मातोश्री, कन्या लुंबिनी. पुढच्या खोलीत पाच जण भिंतीवर. त्यातल्या एकाला मी दोनदा नमस्कार केला.
जेवण: स्वयंपाकघरात, खाली बसून. वांगं होतं. पहिल्या घासाला हात थांबला. मावशींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "भाकर तीच हाय, किसना. नांदेडला गाडीतून यायची, आता तव्यावरून यायली. खा." खाल्ली. चार खाल्ल्या. घशाखाली गेल्या, काही झालं नाही. एवढ्यासाठी एवढी वर्षं लावली, हे तेव्हाच ताटावर बसून कळलं आणि मी रडलो. लुंबिनीला वाटलं ठेचा लागला. तिने पाणी दिलं.
पिण्याचे पाणी: तुमच्या तांब्यातून, तोंड लावून.
जेवणानंतरची स्वच्छता: ताट मी उचललं आणि घासलं. मावशी नको म्हणत होत्या. तू राखेचं भांडं पुढे सरकवलंस.
यजमानांची भेट: पूर्ण वेळ. पहिल्या दिवशी यजमान नीट बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं चित्र काढायला बसले आणि म्हणाले, हालू नकोस, मला जिवंत माणसाची सवय नाही. चित्रात मी देखणा आलेलो नाही. आहे तसा आलो आहे.
त्रुटी: पाहुणा उशिरा आला.
सूचना: पाहुण्याला सुचवण्याचा अधिकार नाही.

उज्वलाने वाचून घेतला आणि तुझ्या फॉर्मजवळ लावून ठेवला. बोलायला लागली आहे, पण अजून मोजकंच. मी तुला पुन्हा बोलवत नाही. तुला वाटेल तेव्हा, वाटलं तर.

तुझा,
किशन


बिलोली
१ मार्च २०२५

प्रिय किशन,
सप्रेम जय भीम.

आई त्या चार भाकरींचं गल्लीत सगळ्यांना सांगून राहिली आहे. काल पाच सांगितल्या.

राग पूर्ण गेला असं लिहिणार नाही. खोटं बोलणं मी आता कमी केलं आहे. पण तुला ताट घासताना मागून पाहिलं. तुला घासता येत नाही, राख नुसती फिरवत होतास. तू गेल्यावर लुंबिनीने ते पुन्हा घासलं. तिला मी म्हणालो, हे एक ताट तसंच ठेवलं असतंस तरी चाललं असतं.

दहा तारखेला उदगीरच्या गाडीने येतो. उज्वलाला सांग, ब्रश मी आणतो, चुना आणि गेरू तिने आणून ठेवावा. बाहेरची भिंत आहे तशी राहू दे, तिला हात लावायचा नाही. आतल्या बाजूने काय करायचं ते मी आत बसून, बघून ठरवणार आहे. त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही. सिंधुताईंना सांग, आग्रह एकदाच करा.

मी मधल्या खोलीत झोपेन. माझं घोरणं तुला माहीत आहे, आणि तनुजाही आता गेली असेल. तेव्हा तू आखाड्यावर झोप. कमोड आहे, जाळी आहे, परभणी स्टेशन लागतं. आणि हवा छान असते.

तुझा,
साहेबराव